सरपंचबाईंचे प्रतिज्ञापत्र

शहाद्याला तहसील कचेरीच्या कुंपणालगत गेली बावीस वर्षे माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले; तरीही माझ्या अक्षरातला अर्ज कोणा साहेबाने परत केल्याचे मला स्मरत नाही. माझ्या गुरूंनी या धंद्याचे मर्म एकदाच सांगितले होते : अर्जदाराला जितके खाली बसवाल, तितका साहेब लवकर पाझरतो. म्हणून डोंगरातून आलेल्या प्रत्येकाच्या अर्जात मी एक ठरलेले वाक्य घालतो. ‘मी अडाणी व अज्ञानी असून मला कायद्याचे ज्ञान नाही.’ रेशनकार्ड असो की वनहक्काचा दावा, हे वाक्य सर्वत्र लागू पडत आले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एक मुलगी सातपुड्यातील आपल्या गावच्या सरपंचबाईंना घेऊन आली. मुलगी कायद्याच्या पहिल्या वर्षात शिकत होती. बाई साठीच्या, पावरी बोलणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या. हवामान बिघडत चालले असता सरकार स्वतःचाच हवामान-आराखडा पाळत नाही, अशी याचिका या मुलीने व तिच्या चार सोबत्यांनी न्यायालयात केली होती. ग्रामसभेने त्यांना पाठिंब्याचा ठराव दिला होता. त्यासोबत सरपंचांचे प्रतिज्ञापत्र जोडले, तरच ग्रामपंचायत याचिकेत उभी राहणार होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंसह निम्मे गाव ऊसतोडीला गुजरातेत निघणार होते.

बाई सांगू लागल्या, मुलगी मराठीत मांडू लागली. आंब्याला मोहर पूर्वी कधी येई, आता कधी येतो. आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत घातल्या की पाऊस कसा गाठतो. कोणत्या नाल्याचे पाणी कोणत्या सणापर्यंत टिके. मी पेन खाली ठेवले.

“आमचुराचे गाऱ्हाणे कोर्टाला नको. मी लिहितो ते ऐक.”

मी लिहून वाचून दाखवले. ठरलेले वाक्य आले तशी मुलगी म्हणाली, “काका, हे काढा. आजीला सगळं कळतं, हेच तर सांगायचंय.”

शेजारचा मुद्रांकविक्रेता हसला. “भो, आते ही पोर तुले शिकाडी.”

ते हसणे मला लागले. मी मुलीला म्हटले, “तुझ्या जातीच्या दाखल्याचा अर्ज तुझ्या बापाने कोणाकडून लिहून घेतला?”

“तुमच्याकडूनच.”

“त्यातही हेच वाक्य होते. त्याच्यावरच तू कॉलेजात गेलीस.”

अंगठा उठवणाऱ्याला मजकूर त्याच्या भाषेत समजावून द्यावा लागतो. “सांग त्यांना,” मी म्हणालो. “नियम आहे.” तिने जमिनीकडे पाहत पावरीत काहीतरी सांगितले. बाईंनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि अंगठा पुढे केला. मी तो शाईच्या गादीवर गरजेपेक्षा जोराने दाबला.

होळीला गाव परतले. त्यानंतर दोघी पुन्हा आल्या. मुलीने न्यायालयाच्या आदेशाची प्रत टेबलावर ठेवली.

“वाचा, काका. मोठ्याने. नियम आहे.”

मी वाचले. सरकारी वकिलाने माझेच वाक्य पुढे केले होते. आपल्याला कायद्याचे ज्ञान नाही असे सरपंच स्वतः शपथेवर सांगतात. तेव्हा हा पाठिंबा समजून-उमजून दिलेला मानता येत नाही. न्यायालयाने ते मान्य केले होते; मुलांची याचिका चालेल, मात्र ग्रामपंचायतीला वगळून.

मुलीने ते पावरीत सांगितले. या वेळी तिला बराच वेळ लागला. बाईंनी सारे ऐकून घेतले व मोडक्या मराठीत मला विचारले, “आंबा कधी मोहरतो, तुला ठाऊक?”

माझे घर सपाटीवरच्या ब्राह्मणपुरी गावचे, आमच्याकडे केळी.

“मग त्या अडाणीपुढे तुझं नाव घालायचं होतं.”

मुद्रांकविक्रेता याही वेळी हसला. त्या दोघी गेल्या. पुढचा माणूस डोंगरातलाच होता, वनहक्काचा दावा घेऊन आलेला. मी कागद ओढला, दिनांक घातला आणि तेच वाक्य लिहिले. ते वगळून अर्ज कुठून सुरू करावा, हे मला आजही येत नाही.