डाव संपल्यावरचं बोट

अक्षरांच्या सोंगट्या लावून शब्द जुळवायचा आमचा रविवारचा डाव संपला, की माझ्या दिरांचं बोट सुरू होतं. जिंकलेले असतात, तरी उठत नाहीत. माझी सोंगटी उचलून दुसऱ्या चौकोनात ठेवतात आणि म्हणतात, "वहिनी, तेव्हाच ही इथे लावली असतीत, तर वाचला असतात."

मला त्या बोटाची चीड येते. निकाल लागल्यावर चाल कुणालाही दिसते, त्यात कसली हुशारी? खेळताना ते गप्प बसतात हे मी समजू शकते. तिथे ते माझ्याविरुद्ध असतात. पण हे, म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ, आजारी पडले तेव्हा तर आम्ही एकाच बाजूला होतो ना? तेव्हा रोज "वहिनी, तुम्ही म्हणाल तसं" एवढंच म्हणत राहिले. आणि तेराव्याला, भरल्या घरात, हेच बोट नाचवत म्हणाले, "तेव्हाच हॉस्पिटल बदललं असतंत, तर दादा वाचला असता."

आज ते बोट पुन्हा माझ्या सोंगटीवर आलं. मी त्यांचं मनगट धरलं.

"बोलायची वेळ होती तेव्हा बोलला नाहीत, भावजी. आता हात काढा."