निळ्या गाडीचा डावा हात

सर्वप्रथम एक खुलासा करतो. भूत, भानामती, अंगात येणे, नजर लागणे — यांपैकी एकाही गोष्टीवर माझा विश्वास नव्हता व आजही नाही. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला, तेव्हापासून आमच्या दाराला लिंबू-मिरची लागलेली नाही. या सदरातील अनुभव मी नियमित वाचतो आणि बहुतेक वेळा वाचून हसतो, हेही मान्य करतो. परंतु गेल्या एप्रिलमध्ये, भर सकाळी, वाहत्या रस्त्यावर, माझ्या डोळ्यांदेखत जे घडले त्यावर मला हसता येत नाही... म्हणून हे लिखाण.

माझा परिचय थोडक्यात देतो. मानवत येथे तहसील कचेरीसमोर माझे टेबल आहे. व्यवसाय अर्जनवीस. शिक्षण दहावी, तेही नापास, हे लपवीत नाही. परंतु कॉलेज केलेली मंडळी वारसाचा अर्ज लिहून घ्यायला माझ्याच टेबलासमोर उभी राहतात, हेही लपवीत नाही. माझे अक्षर पाहून साहेब लोक अर्जदाराला विचारतात, "सुधाकररावांनी लिहिला का?" अशा मनुष्याने विनाकारण काहीबाही लिहिण्याचे कारण नाही.

आता विषय गाडीचा. गाडी विलायती. दोन माणसांची, वरून उघडी, लांब नाकाची, तारांच्या चाकांची स्पोर्ट्स कार. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ते दिले की जाणकार मंडळी मूळ अनुभव सोडून इंजिनावर वाद घालत बसतात. निजामाचे राज्य गेल्यानंतर काही वर्षांनी आमच्या गावच्या एका जिनिंगवाल्या शेटनी ती हैदराबादहून आणली. त्या गाडीला धुण्या-पुसण्यासाठी जो पोरगा ठेवला होता, तो म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आज त्यांनी ऐंशी ओलांडली आहे.

दादांनी ती गाडी धुतली, काळ्या मातीत फसली की ढकलली, पाहुणे बसताना दार उघडून धरले. स्वतः त्या गाडीत एकदाही बसले नाहीत. का बसले नाहीत, हे त्या काळच्या लोकांना माहीत आहे. मी वेगळे कारण लिहीत नाही.

पुढे जिनिंग बंद पडली. अलीकडे शेटच्या नातवाने ती जागा प्लॉटिंगला काढली आणि कागदपत्रांच्या कामी मला बोलावले. गोदामात, सरकीच्या कुजलेल्या पोत्यांखाली, ती गाडी उभी होती. नातू म्हणाला, "काका, हे उद्या भंगारवाला नेणार आहे."

मी म्हणालो, "भंगारवाला नेणार नाही. मी नेणार."

त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट होती. दादांना या गाडीत बसवायचे. शेजारच्या सीटवर. आणि जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्या गावासमोर बसवायचे.

टेम्पोतून गाडी अंगणात उतरली तेव्हा आमच्या सौ. दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "लोकाचे नवरे साठीनंतर येडे होत्यात. आमच्या घरी आधीच सुरुवात झाली."

दादांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या मडगार्डवरून बोटे फिरवली आणि म्हणाले, "हितं पोचा व्हता. अजून हाय." मग आत जाऊन ओले फडके आणले आणि त्या गंजलेल्या पत्र्याला पुसायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. त्यानंतर रोज.

काम रऊफ मिस्त्रीने केले. हा मनुष्य एका मिनिटात शंभर बढाया मारतो, पण हात चालतो. पहिल्या दिवशी बॉनेट उघडून म्हणाला, "अर्जनवीस साब, इसकू गाडी नक्को बोलो. लोहे की कबर है ये."

"कबर तर कबर," मी म्हणालो. "उठव."

"उठाता ना! मेरे हात से मुर्दा बी सेल्फ पे स्टार्ट होता."

पहिली अडचण पान्यांची आली. गाडीच्या एकाही नटाला आजचा पाना बसेना; विलायती मापच वेगळे. तेव्हा मला आठवले की विहिरीवरची जुनी ऑइल इंजिने त्याच मापाची असत. मी माझ्या पक्षकारांमध्ये शब्द टाकला, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून पोतेभर जुने पाने माझ्या टेबलावर येऊन पडले. इतका आपला जनसंपर्क आहे, हे नम्रपणे नमूद करतो. मूळ इंजिन जाम होते, त्याजागी भंगारातल्या एका पेट्रोल गाडीचे इंजिन बसवले. पुढे डिस्क ब्रेक घातले. जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंगसुद्धा उलटे होते. ते सगळे फेकून नवीन बारा व्होल्टचे केले. सेल्फ, एलईडी दिवे, सीटबेल्ट, सर्व काही. लाकडी डॅशबोर्ड मात्र तोच ठेवला. कागदपत्रे नियमित करण्याचे अर्ज अर्थातच मी लिहिले. एकही शेरा मारून परत आला नाही. गाडीचा मूळ रंग हिरवा होता. मी निळा दिला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढचा सगळा प्रकार तिच्यावर आहे. पूर्वीच्या काही विलायती गाड्यांना वळण्याची खूण करणारा लुकलुकता दिवा नसे. दाराच्या पुढे, पत्र्याच्या खाचेत, वीतभर लांबीची एक दांडी असे. बटन दाबले की आतली कॉइल ओढली जाऊन ती दांडी आडवी बाहेर येई आणि तिच्यातला छोटा बल्ब लागे. आमच्या गावात तिला 'हात' म्हणत. गाडीने हात केला, की गाडी त्या बाजूला वळणार किंवा थांबणार.

आम्ही नवीन इंडिकेटर बसवले, तेव्हा या हातांचे काम संपले. रऊफने दोन्ही बाजूंच्या कॉइल काढून बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या. वायर तर नवीन वायरिंगमध्ये ओढलीच नव्हती. हात फक्त शोभेला राहिले. वरून निळा रंग मारताना ते खाचेत इतके चिकटले, की मी एकदा नखाने उचकटायला गेलो तर नखच तुटले. म्हणजे, वायर नाही, कॉइल नाही, बल्ब नाही. हे तिन्ही मी स्वतः पाहिले आहे.

गाडी तयार झाली, परंतु दादा बसायला तयार होईनात.

"दादा, बसा की एकदा."

"नगं. मला हितून चांगली दिसायली."

"तुमच्यासाठीच केली ना ही!"

"मग मला दिसायली ना? झालं की."

इथे दादांच्या स्वभावाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी आयुष्यात कधी कुणाच्या वाहनावर बसणे पत्करले नाही. भावकीतला कुणी मोटारसायकल थांबवून "बसा आज्या" म्हणाला, की ते दोन पावले मागे सरत आणि म्हणत, "जा तू, मी येतो." एसटीने मात्र खुशाल जात. विचारले तर सांगत, "ती कुनाची न्हाई. तिकीट काढलं की आपली." आम्ही याला म्हातारपणाचा हट्ट समजत होतो. वास्तविक तो म्हातारपणाचा नव्हता. माझ्या लहानपणीही ते असेच होते.

जयंतीचा दिवस उजाडला. मिरवणूक गावातल्या विहारापासून निघायची होती, आणि आमची वस्ती गावाबाहेर, स्टेशनच्या रस्त्यावर. गाडीला हार घातला. सौं.नी दादांना पांढरेशुभ्र धोतर-सदरा घातला, डोक्यावर निळा फेटा बांधला आणि म्हणाल्या, "मामा, आज तरी यांचं ऐका. ऱ्हाईलेलं डोकं बी जाईल न्हाईतर."

दादा हसले. दार उघडून मी उभा होतो — जसे ते शेटच्या पाहुण्यांसाठी उभे राहत, अगदी तसे. त्यांनी दाराकडे पाहिले, सीटकडे पाहिले... आणि चप्पल पायात सरकवून रस्त्याला लागले.

"तू ये गाडी घेऊन. मी चालत निगालो."

वस्तीतले सगळे बघत होते. मला राग आला, हे मान्य करतो. मी दार आपटले आणि ठरवले की आता विनंती नाही. शेजारची सीट रिकामी ठेवून, त्यांच्या जवळून, न थांबता निघून जायचे. सौ. बायकांबरोबर रिक्षाने गेल्या. रऊफ स्कूटरवर माझ्या मागे निघाला.

वस्ती आणि गाव यांच्या मधे रस्त्यावर एक जुनी दगडी मोरी, म्हणजे लहान पूल, आहे. ऊन तापायला लागले होते. दादा मोरीच्या थोडे अलीकडे, डाव्या कडेने चालले होते. मी गाडीचा वेग वाढवला.

आणि इंजिन बंद झाले. आचका नाही, धूर नाही, फटका नाही. घरातले बोलता बोलता गप्प होतात तसे. मी ब्रेकला पाय लावला नव्हता, हे शपथेवर सांगतो. गाडी आपल्या आपण सरकत गेली आणि डावे दार बरोबर दादांच्या शेजारी येऊन थांबली.

तेव्हा खट् असा आवाज झाला. मला वाटले, टायरने खडा उडवला. पाहतो तर डाव्या बाजूचा हात खाचेतून बाहेर आला होता. पूर्ण आडवा. ताठ.

दादांनी तो पाहिला आणि जागच्या जागी थिजले. त्यांचा चेहरा मी यापूर्वी असा कधी पाहिला नव्हता. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. एखादा जुना मनुष्य समोर येऊन उभा राहावा आणि याला रामराम करायचा की तोंड फिरवायचे हे कळू नये, तसा तो चेहरा होता.

मी म्हणालो, "दादा, काय झालं?"

"थांब," ते म्हणाले. "खाली जाईल बग आता."

"काय खाली जाईल?"

"हात. जातंय ते खाली."

ते वाट पाहत उभे राहिले. मागे रऊफने स्कूटर थांबवली होती, तो एकदम मुका झाला होता. आणि रऊफ मुका झालेला मी त्या दिवशीच पाहिला. एक एसटी हॉर्न वाजवत शेजारून गेली, तिच्या वाऱ्याने गाडीवरचा हार हलला. हात हलला नाही.

बराच वेळ गेला. दादांनी पुढे होऊन दोन बोटांनी त्या हाताला स्पर्श केला, गाय-बैलाच्या कपाळाला करावा तसा. मग स्वतःच दार उघडले, चपला बाहेर काढल्या, पुन्हा काही विचार करून त्या पायात घातल्या, आणि चपलांसहित आत बसले. दार ओढून घेतले.

दार लागले आणि हात टक् करून खाली गेला.

मी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झाले.

पुढची मिरवणूक आमच्या गावाने पाहिली आहे, तिचे वर्णन मी करणे म्हणजे स्वतःची स्तुती होईल. तरी एवढे सांगतोच की, त्या दिवशी सगळ्यांत पुढे निळी गाडी होती, तिच्यात निळा फेटा बांधलेले माझे वडील होते, आणि ज्यांनी ज्यांनी पूर्वी मला 'भंगारवाला अर्जनवीस' म्हटले होते, त्यांनी रांग लावून फोटो काढले. परभणी जिल्ह्यात अशी दुसरी गाडी असल्यास मला कळवावे.

दुपारी घरी येताच रऊफने गाडीचा डावा पत्रा खोलला. आत काही नव्हते. बिस्किटाचा डबा आणून उघडला; दोन्ही कॉइल त्यातच होत्या. तो मला म्हणाला, "साब, कसम से, ये मैंने नई किया. करता तो गाँवभर बोलता." हे मात्र पटण्यासारखे होते. त्याचे असेही म्हणणे आहे, की तो हात बाहेर आला तेव्हा त्यात उजेड होता. मी तो उजेड पाहिलेला नाही. जे मी पाहिले नाही त्यावर मी सही करीत नाही.

दादा अंगणात बाजेवर बसले होते. मी जवळ जाऊन बसलो आणि विचारले, "तुम्ही कामून म्हणालात, खाली जाईल म्हणून?"

त्यांनी सांगितले ते असे:

"ह्याच मोरीपाशी. उनाळा व्हता. शेटनं मला ठेसनात धाडलं व्हतं, तिकून चालत येत व्हतो, अनवानी. मागून गाडी आली. शेट एकलेच व्हते. गाडीनं हात केला अन् माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, बस म्हनत्यात. म्या दाराला हात लावला..."

"मग?"

"मग काय. शेटनं माझ्या पायाकडं बगितलं. हात खाली गेला. गाडी गेली."

"काही बोलले नाहीत?"

"न्हाई. मन बदललं आसंल. मागून कुनी येत आसंल. कुनाला ठावं." मग ते म्हणाले, "दुसऱ्या दिशी सकाळी तीच गाडी धुतली म्या. चांगली चकचकीत धुतली."

ही गोष्ट त्यांनी माझ्या आईलाही सांगितलेली नव्हती. मग मला, रऊफला किंवा त्या गाडीला ती कशी कळावी?

माझ्या परीने मी चौकशी केली. परभणीच्या एका इंजिनिअर साहेबांना विचारले. ते म्हणाले, उन्हाने पत्रा फुगला असेल, रंग सुटला असेल, धक्क्याने दांडी बाहेर आली असेल. मान्य. परंतु रस्त्याला खड्डे पुष्कळ असता नेमकी मोरीजवळच का, इतका वेळ ताठ का राहिली आणि दार लागताच खाली का गेली, यावर साहेबांनी चहा मागवला. त्यानंतर मी त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने, त्याहून कडक उन्हात अनेक फेऱ्या मारल्या. हात पुन्हा कधीच आला नाही. माझा विश्वास आजही कशावर बसलेला नाही, आणि खुलासाही मिळालेला नाही. दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याजवळ राहू शकतात, हे मला आता कळले आहे.

इतकी वर्षे मी हजारो लोकांच्या वतीने अर्ज लिहिले. दादांच्या वतीने एकही लिहिला नव्हता, कारण त्यांनी कधी काही मागितलेच नाही.

त्या दिवसापासून त्यांनी गाडी पुसणे सोडले आहे. रोज सकाळी चहा झाला की ते चपला घालून, कुणी न सांगता, डाव्या सीटवर जाऊन बसतात. काल मी किल्ली घेऊन बाहेर आलो तर त्यांनी सीटवरूनच फडके माझ्याकडे फेकले आणि म्हणाले, "सुध्या, आधी काच पूस. म्होरचं काय दिसंना गेलंय."

मी पुसली. चांगली चकचकीत पुसली.