दोन बिंड्यांचा पोरगा आणि मोठा बोर्ड

मंडळी, पन्नाशी जवळ आलीय आणि मी काइटबोर्डिंग शिकतोय, म्हणजे पतंगाच्या ओढीनं फळीवरून पाण्यावर पळायचं. आज पहिला बोर्ड घ्यायचा होता. माझं वजन शंभर किलो, म्हणून शिकवणारा म्हणाला, "मोठाच घ्या." मला लाज वाटली. लहान बोर्ड देखणा होता.

कडेगावला तात्यांना, माझ्या चुलत्यांना, फोन केला. नव्वदच्या दशकात त्यांनीच मला विहिरीत पोहायला शिकवलं. बाकीच्या पोरांच्या पाठीला तरंगायला लाकडाचा एक बिंडा, माझ्या पाठीला दोन.

तात्या म्हणाले, "तवा दोन बांधले म्हणून रडला हुतास. बुडलास का?"

"न्हाई."

"मग मोठा घे."

घेतला. इतक्या वर्षांनी आभारही मानले.

"आभार कसलं गड्या, आधी उभा तर ऱ्हा."

तुमच्या पाठीला बिंडा कुणी बांधला होता?