दार उघडेपर्यंत थांबणारे आर्थर अंकल

सिंगापूरला आलो त्या आठवड्यात बिशानच्या एमआरटी (मेट्रो) स्टेशनबाहेर मी फोनवरचा नकाशा आडवा-उभा फिरवत होतो. हाफ पँटमधले एक उंच, गोरे म्हातारे जवळ आले. "फोन खिशात ठेवा. कुठं जायचंय?" नुसतं सांगून ते थांबले नाहीत. माझी बॅग ओढत थेट नवव्या मजल्यापर्यंत आले आणि घरमालकिणीने दार उघडल्यावरच वळले. "दार उघडलेलं दिसलं, की माझं काम झालं." मी पुण्याचा, पत्त्यासोबत टोमणा मिळायची सवय. एवढ्या अगत्याचा मला संशयच आला.

हे आर्थर अंकल आमच्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, राहायचे. जहाजावर इंजिनिअर होते. इथल्या चिनी बाईशी लग्न करून इथेच राहिले. ती गेल्यावर मुलगी ग्रेस त्यांचं बघायची. रोज सकाळी ते स्टेशनबाहेर उभे राहून गोंधळलेला चेहरा शोधत. "अंकल, रिटायर कधी होणार?" मी चिडवायचो. "ओव्हरटाइम चाललाय," ते म्हणत.

त्यामागचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफी पिताना. ते इंग्लंडमधल्या एका खेड्यात वाढले. शत्रू उतरलाच तर वाट चुकावा म्हणून युद्धाच्या काळात तिथल्या रस्त्यांवरच्या पाट्या उपटल्या होत्या, स्टेशनवरचं नावसुद्धा रंग फासून झाकलं होतं. अनोळखी माणसाला रस्ता सांगायचा नाही, असं शाळेत बाईंनी बजावलं होतं. "आम्हा पोरांना तो खेळच वाटायचा." त्यांच्या घरी डॉरिस नावाची मुलगी राहत होती. लंडनवर बॉम्ब पडत म्हणून तिला खेड्यात धाडलेलं. एका दुपारी गणवेशातल्या एका माणसाने सात वर्षांच्या आर्थरला गावाचा रस्ता विचारला. हा हेर असणार, असं ठरवून आर्थरने त्याला उलट्या दिशेला पाठवलं. आठवड्याने डॉरिसला वडिलांचं पत्र आलं. एका दिवसाची रजा होती, संध्याकाळपर्यंत शोधलं, गाव सापडलं नाही, उद्या आमचं जहाज निघतंय. ते युद्धावरून परतले नाहीत.

"तिनं पत्र स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचलं. मी पाव खात होतो. खातच राहिलो." डॉरिसला त्यांनी काही सांगितलं नाही. युद्ध संपलं, ती मावशीकडे गेली, आणि मग तिचा पत्ताच लागला नाही.

पुढे त्यांची स्मृती जाऊ लागली. ते लोकांना भलत्याच ब्लॉकमध्ये नेऊ लागले. "पप्पा ऐकतच नाहीत लाह, आता लोक तक्रार करतात," ग्रेस आपल्या सिंगापुरी ढंगात, रडकुंडीला येऊन म्हणाली. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या मागे मागे राहून लोकांना हळूच खरा रस्ता सांगायचो.

एका रविवारी मला उशीर झाला. लांब तुआसला कारखान्यात काम करणारा एक तमिळ मुलगा बायकोला भेटायला आला होता. ती बिशानला एका घरी कामाला होती, तिला दोन तासच मोकळीक होती. अंकलनी त्याला उन्हात जवळपास ते दोन्ही तास फिरवलं होतं. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून तो निमूट मागे चालत होता. मी खरा ब्लॉक दाखवताच तो पळत सुटला.

"त्याच्यासाठी दार उघडेल ना?" अंकलनी विचारलं.

"उघडेल की," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलणं मला कधीच जमलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते खाली उतरले नाहीत.

वर्षभरात त्यांना बायकोचं नाव आठवेना, ग्रेसही ओळखू येईना. लोक म्हणतात, या आजारात दुःखही पुसलं जातं. साफ खोटं आहे. ग्रेसचा हात धरून ते दिवसभर डॉरिसची माफी मागत राहायचे. ग्रेसने मला विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. माझाच सल्ला, की तूच डॉरिस हो.

मी समोरच होतो. ग्रेस त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आर्थर, मी डॉरिस. मी तुला केव्हाच माफ केलंय."

त्यांनी तिची हनुवटी वर करून चेहरा निरखला. मग त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कित्येक महिन्यांनी त्यांनी मुलीला ओळखलं होतं.

"ग्रेस," ते म्हणाले, "ही माफी देणं तुझ्या हातात नाही, बाळ."