गफूरभाईच्या टँकरचा सेट

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. उलट लोकांना घाबरवण्यात माझाच हातखंडा! आमच्या टँकरचा ड्रायव्हर गफूरभाई याला मी एकदा वायरलेसवर चेअरमनच्या आवाजात झापलं होतं... बिचारा टोपी काढून ‘जी साहेब, जी साहेब’ करत होता. तेव्हा हे वाचून हसलात तरी चालेल. मीही हसलो होतो — तेच तर सांगायचंय.

गेवराई तालुक्यातला आमचा सहकारी साखर कारखाना. दुष्काळात ऊस नाही, गाळप बंद. म्हणून कारखान्याचे टँकर गावोगाव पाणी द्यायला निघाले. त्यांच्यावर वायरलेस बसवले आणि मी त्यांचा मेकॅनिक.

गफूरभाईच्या सेटमध्ये भयंकर घरघर. ॲक्सिलरेटर दाबला की वाढायची, म्हणजे डायनॅमोच. मी डायनॅमोला कंडेन्सर लावला, बॉनेटपासून चासीपर्यंत अर्थिंगची जाड वायर ओढली, सेटची लाइन थेट बॅटरीवरून घेतली. घरघर निम्म्यावर आली. पण मला आवाज एकदम साफ हवा होता... हौस! सेट माइकसकट काढून टेबलावर घेतला.

“सेटबिगर जाऊ व्हय भाऊ?” गफूरभाईनं विचारलं.

“एका खेपेनं काय होतंय? जा.”

दुपारी तीनला टेबलावरचा सेट बोलला. वायरी सुट्या, बॅटरी नाही.

“भाऊ, तलवाड्याच्या अलीकडं नाल्यात हाय मी. पाय अडकलाय. कुनाला तरी धाडा.”

खरखर नाही, घरघर नाही. इतका स्वच्छ आवाज त्या सेटवर मी कधीच ऐकला नव्हता.

मला वाटलं, चेअरमनच्या नकलेचा बदला घेतोय! टेबलाखाली वाकून पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. कुणी नाही. तरी मोठ्यानं हसलो आणि चहाला निघून गेलो.

नाल्यात कलंडलेला टँकर संध्याकाळी एका गुराख्याला दिसला. गफूरभाई वाचला, पण इतका वेळ दबून राहिलेला पाय डॉक्टरांना काढावा लागला.

दवाखान्यात मी त्याच्या खाटेजवळ जाऊन बसलो. त्या आवाजाबद्दल मी कुणाजवळ बोललो नव्हतो. गफूरभाईच म्हणाला, “सवयीनं वरडलो भाऊ. सेट न्हाई, हे ध्यानातच न्हाई ऱ्हायलं.” माझ्याकडं वळला. “मंग तुमी हसलेलं आलं ऐकू.”

तो सेट मी नंतर स्क्रू न् स्क्रू खोलून पाहिला. काही सापडलं नाही, आजही काही उलगडत नाही. गफूरभाई बाजारात भेटला की आग्रहानं चहा पाजतो. मी अजूनही चारचौघांना हसवतो... त्याच्यासमोर मात्र मला हसता येत नाही.