सोनं न करणाऱ्या साधूसाठी जळगाव ते धुळे

आमची पोरगी सुषमा धुळ्याच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. विषयाला मुलं नाहीत. तिच्या जाहीर व्याख्यानालाही कोणी आलं नाही, तर पुढच्या वर्षी विषय बंद आणि ती घरी, असं प्राचार्यांनी सांगितलेलं. ऐकून माझी झोप गेली. पोरीनं व्याख्यानाला विषय निवडला तोही गर्दी खेचणारा: सातशे वर्षांपूर्वीचा, स्पेनजवळच्या बेटावरचा एक ख्रिस्ती साधू. नाव माझ्या कवळीतून निघत नाही.

रिकाम्या हॉलात निदान दोन डोकी असावीत म्हणून शेजारच्या सुकाआबांना घेऊन निघालो. आबा निवृत्त सोनार. एसटीत ज्येष्ठांना सवलत आहे, आधार कार्ड विसरू नका. सकाळी उजवीकडे बसा, डावीकडे ऊन भाजतं. पारोळ्याला कचोरी चांगली मिळते. मी काळजीनं दोन खाल्ल्या.

"तो साधू तांबानं सोनं करे का, भाऊ?" आबांनी विचारलं.

"नाही. होत नाही म्हणायचा. तो मेल्यावर लोकांनी त्याच्या नावावर किमयेची पुस्तकं खपवली."

"मंग एवढं दूर कसाले जाई ऱ्हायनूत?"

कॉलेजात शिपाई हॉलच्या दारातला फळा लिहीत होता. 'तत्त्वज्ञान आणि किमया' या नावातलं पहिलं त्याला लिहिता येत नव्हतं, दुसरं कळत नव्हतं. मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात त्यानं आबांना अर्थ विचारला.

"सोनं बनाडानी विद्या," आबा म्हणाले.

त्यानं तेवढंच लिहिलं: 'सोनं बनवण्याची विद्या. सर्वांना प्रवेश.' पाहता पाहता हॉल भरला. बाहेरचा रसवंतीवालासुद्धा आला.

सुषमानं फळा पाहिला. मला वाटलं, पुसते आता, आणि संपलं. ती म्हणाली, "राहू दे. या साधूच्या नावावरही लोकांनी हेच लिहिलं होतं. बसा, सांगते."

मग तिनं पुठ्ठ्याच्या चकत्या काढल्या. एकात एक फिरणाऱ्या, अक्षरं लिहिलेल्या. एकेक अक्षर म्हणजे देवाचा एकेक गुण: चांगुलपणा, मोठेपणा, असे. फिरवायच्या, जोड्या जुळवायच्या, त्यातून युक्तिवाद काढायचा. विचार असा यंत्रासारखा मांडता येतो, ही कल्पना पुढच्या तत्त्वज्ञांनी उचलली म्हणे.

"मॅडम, नोकरी लागेल का ते विचारा ना चकतीला," मागून एक जण म्हणाला.

"कारणं निघतील. ऑर्डर निघणार नाही."

सगळे हसले. रसवंतीवाला उठून गेला, त्याच्यामागे अर्धा हॉल. उरलेले चकत्या फिरवत बसले. प्राचार्य मात्र सुरुवातीलाच दारातून डोकावून, गर्दीचा फोटो काढून गेले होते. संध्याकाळी सुषमाला त्यांचा फोन आला: विषय चालू राहील.

रात्रीच्या आत घरी पोचलो. खर्च किरकोळ, पित्त भरपूर. पुठ्ठ्यावर फिरणारा देवाचा चांगुलपणा अजून डोळ्यांपुढे आहे. शेजारपाजारचे येऊन विचारतात, पोरगी सोनं करते का. नाही म्हटलं की डोळा मारतात. काळजी आता वेगळीच आहे. त्या हॉलात थांबलेल्या मुलांना खरंच विचार करता यायला लागला, तर पुढच्या वर्षी ती तत्त्वज्ञान घेतील कशाला?