नावाड्याला ऐकू येत नव्हतं

अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थेत तिला सगळे आवाजबाई म्हणत. एकतीस वर्षं कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर कमावलेला गळा. निवृत्तीनंतरही त्याला गंज चढला नव्हता. खलनायकाचे संवाद ती अशा दातओठ खाऊन वाचायची, की काचेपलीकडचा तंत्रज्ञ हसू दाबायला तोंड फिरवायचा.

त्या महिन्यात एक आफ्रिकी कादंबरी आली, मराठीत उतरलेली. नदीकाठचं गाव आणि माणसं पैलतीरी सोडणारा एक बहिरा नावाडी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. संचारबंदी लागते. शिपाई काठावरून ओरडतात, "थांब!" नाव पुढेच जाते. गोळी सुटते. काठावर अख्खं गाव उभं असतं, आणि त्याला ऐकू येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

त्या ओळीवर आवाजबाई अडली. सहा वेळा परत घेतलं, सहाही वेळा तिथेच.

"लेखकाने उगाच मारलं हो त्याला," तंत्रज्ञ म्हणाला. "त्याने कुणाचं काय घोडं मारलं होतं?"

"म्हणूनच मारलं," ती म्हणाली. "त्याचा काही गुन्हा असता तर गावकरी जेवूनखाऊन सुखाने झोपले असते. आता बोट दाखवायचं तर स्वतःकडेच."

तिच्या कारखान्यातही असा एक होता. खोकी बांधणारा, जन्माचा बहिरा. सगळे त्याला मुनी म्हणत. येताजाता तो तिच्या टेबलावर तळवा टेकवायचा. घंटा वाजली की लाकूड थरथरायचं आणि मुनी खुदकन हसायचा. एका दुपारी वायू गळू लागला. तिने भोंगा वाजवला. अशा वेळी कुणीतरी मुनीला हाताला धरून बाहेर आणायचं, असं ठरलेलं होतं. साहेबांनी ओरडून विचारलं, "सगळे बाहेर आले?" घाबरलेली ती बोलून गेली, "आले."

मुनी मागच्या गोदामात खोकी बांधत होता.

चौकशीत तिला एकच प्रश्न विचारला. भोंगा वाजला होता का? वाजला होता. त्याला तो ऐकू येणार होता का, हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. 'इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्याने मृत्यू', असा शेरा पडला.

तेव्हापासून बावीस वर्षं ती कुठल्याही खोलीत शिरली की माणसं मोजायची. आणि आता, बाहेरचा कसलाही आवाज आत न येणाऱ्या त्या बंद खोलीत, टेबलावर कुणी तळवा टेकल्यासारखं वाटायचं. ती वळून बघायची. कुणी नसायचं.

शेवटी ती मुनीच्या बहिणीकडे गेली. बहीण घरीच शिवणकाम करायची.

"भोंगा वाजवणाऱ्या ना तुम्ही?" बहिणीने ओळखलं.

आवाजबाईने सगळं सांगितलं. शिलाईचं यंत्र चालत होतं, ते मध्येच थांबलं.

"आई मरेपर्यंत म्हणायची, माझं पोर निष्काळजी नव्हतं. आम्हीच तिला गप्प करायचो." बहिणीचा आवाज चिरकला. "बावीस वर्षं कुठे होतात?"

आवाजबाईने हात जोडले.

"मला एकटीला सांगून तुमचं ओझं उतरेल, त्याच्या माथ्यावरचा डाग नाही जायचा. लिहून द्या."

तिने कारखान्याला लिहून दिलं, सहीनिशी. "जुनी मढी कशाला उकरता?" म्हणून दोन जुन्या सोबतिणींनी बोलणं टाकलं. कारखान्याने चार महिने टोलवाटोलवी केली. ती दर सोमवारी जाऊन बाकावर बसत राहिली. अखेर जुन्या अहवालाला दीड ओळीची पुरवणी जोडली गेली: मयत कामगार कर्णबधिर होता, त्याला बाहेर आणण्यात कसूर झाली.

प्रत घेऊन ती बहिणीकडे गेली. बहिणीने दारातच उभं राहून ती वाचली, दोनदा. "बसा" म्हणाली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही.

आवाजबाई वळली तेव्हा मागून आवाज आला, "जिन्याची तिसरी पायरी फुटलीय. कठडा धरून उतरा."